इरप्पा दिसल्याची नोंद

छप्पन्न साली तीन आठवड्यांच्या आत तात्यारावांच्या आयुष्यात दोन गोष्टी बदलल्या. ऑक्टोबरात धर्म बदलला आणि नोव्हेंबरात राज्य. पहिली गोष्ट ते नागपूरला जाऊन स्वतः करून आले होते. दुसरीबद्दल त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

तेव्हा ते हैदराबादेत वकिलीच्या पहिल्या वर्षाला होते. शिष्यवृत्ती जुन्या हैदराबाद राज्याची होती, आणि ते राज्यच उरलं नाही. कॉलेज आंध्रात राहिलं, गाव म्हैसूरकडे गेलं. शिष्यवृत्ती आता कोणी द्यायची, असा अर्ज त्यांनी दोन्हीकडे केला. चार महिन्यांनी उत्तर आलं, ‘सदर बाबतीत कायदेशीर अभिप्राय मागविण्यात आला आहे. प्राप्त होताच कळविण्यात येईल.’ खोलीमालकाने सामान जिन्यात आणून ठेवेपर्यंत तात्याराव थांबले. मग पुस्तकं सुतळीने बांधून कमलनगर स्टेशनावर उतरले. तो अभिप्राय पंच्याऐंशी सालापर्यंत तरी आलेला नव्हता.

दरम्यान ते तालुक्याच्या कचेरीत कारकून झाले, चोविसाव्या वर्षी कन्नड शिकले आणि पेन्शनच्या टेबलावर येऊन स्थिरावले. म्हातारपणाचं पेन्शन, अपंगांचं पेन्शन, आणि गेल्या वर्षापासून निराधार विधवांचं. अर्ज सरळ असेल तर चार ओळींत काम होई. पण कुठे गाठ दिसली की तात्यारावांचा चेहरा उजळे. मग ते कोरा कागद ओढून बिदरच्या सरकारी वकिलांकडे अभिप्रायासाठी पत्र लिहीत. हे काम त्यांच्यासारखं कोणाला जमत नसे. ते म्हणत, ‘वकिलाला रडगाणं सांगू नये, प्रश्न विचारावा. पण प्रश्नात माणूस राहिला पाहिजे.’

पत्र रवाना झालं की कचेरीतल्या प्रतीच्या समासात ते पेन्सिलीने स्वतःचा अभिप्राय लिहून ठेवत. बिदरहून उत्तर आलं की दोन्ही ताडून बघत, आणि मग पेन्सिलीचं खोडून टाकत. दहांत नऊ वेळा दोन्ही जुळत. ही गोष्ट त्यांनी कोणाला सांगितली नव्हती, बायकोलाही नाही. पण तालुक्याच्या कचेरीत कोणती गोष्ट लपते! पोरं त्यांना पाठीमागे ‘वकीलसाहेब’ म्हणत. त्यात टवाळी होती. तात्यारावांना ती ऐकायला आवडे, हे मात्र पोरांना ठाऊक नव्हतं.

पंच्याऐंशीच्या फेब्रुवारीत बाणूबाईचा अर्ज आला. कमलनगरपासून दोन कोसांवरच्या एका गावातली ती धनगराची बाई. वय पन्नाशीकडे झुकलेलं, हातापायांच्या काड्या, कपाळावर ठसठशीत कुंकू. बरोबर गावातला बंडेप्पा होता.

“नवऱ्याचं नाव?” तात्यारावांनी विचारलं.

बाणूबाईने तोंड भिंतीकडे फिरवलं. “इरप्पा,” बंडेप्पा म्हणाला.

“वारले कधी?”

“कोन वारलं?” बाणूबाईने तोंड परत इकडे केलं.

“हा अर्ज विधवांचा आहे, बाई.”

“ते तलाठ्यानं भरलंय. तुज्यासाठी दुसरा कागद न्हाई म्हनला. बहात्तरच्या दुष्काळात मेंढरं इकली, अन हे कमलनगरला गाडीत बसले. येतो म्हनले.”

“म्हणजे तेरा वर्षं झाली.”

“झाली की. येतो म्हनले, सायब. मेलो म्हनले न्हाईत.”

‘येतो’ म्हणून गेलेल्याची वाट बघणं आणि ‘कळविण्यात येईल’ म्हणून लिहिणाऱ्याची वाट बघणं, यांत कायद्याने काहीतरी फरक असला पाहिजे. तो नेमका कोणता, हे तात्यारावांना त्या क्षणी सांगता आलं नसतं.

पोटाचं विचारल्यावर बंडेप्पाच बोलला. रोजगाराला जायची, पण गुडघे गेले. दोन घरचं सारवण करते, भाकरी मिळते, नाही मिळाली तर पाणी पिऊन निजते.

तहसीलदार शिवशंकरप्पा कानडी वळणाचं मराठी बोलत आणि निकाल झटपट देत. “काय री तात्याराव, यात काय आहे? नवरा जिवंत, तर ती विधवा नाही. मेला, तर दाखला आणा. फेटाळून टाका.”

“साहेब, तिसरी बाजू आहे. अभिप्राय मागवू.”

“मागवा री, मागवा. तुमचं कुलदैवत बिदरला बसलंय, जाऊन नारळ फोडा.”

तात्यारावांनी दोन प्रश्न लिहिले. तेरा वर्षं बेपत्ता असलेल्याची बायको या योजनेपुरती विधवा समजता येईल काय? आणि ती कुंकू लावते, याची बाधा येते काय? समासात पेन्सिलीने लिहिलं, ‘१. येईल. २. नाही.’

अडीच महिन्यांनी उत्तर आलं. एखाद्या माणसाबद्दल, ज्यांच्या कानावर त्याची खबर येणं साहजिक, अशांना सात वर्षं काहीही कळलेलं नसेल, तर तो मेला असं धरून चालता येतं. कुंकवासंबंधी कायद्यात तरतूद आढळत नाही. मात्र सात वर्षांत खबर आली होती काय, याची गावात चौकशी व्हावी.

तात्यारावांनी ते पत्र दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा उभं राहून. मग खोडरबर काढलं.

पुढचं काम तलाठ्याचं होतं. त्याने चौकशी केली आणि पंचनामा पाठवला. त्यात इरप्पा अकरा वेळा दिसला होता. परळीच्या स्टेशनावर चहा पिताना. सोलापुरात गिरणीच्या फाटकाशी. हैदराबादेत कोणाच्या बंगल्यावर राखणीला. उदगीरच्या बाजारात. नाशकाकडे द्राक्षांच्या मळ्यात. एका वर्षी तर तो एकाच महिन्यात दोन गावी दिसला होता, आणि दोन्हीकडे त्याने ‘घरी खुशाल आहे सांगा’ असा निरोप दिला होता. शेवटची खबर गेल्या दिवाळीची होती.

असा पंचनामा बिदरला गेला असता तर अर्ज संपला होता. गावात चौकशीला जाणं कारकुनाचं काम नव्हतं. तात्यारावांनी एक दिवसाची किरकोळ रजा टाकली आणि कमलनगरच्या स्टँडवरून जीपने निघाले. टपावर बसलेल्यांत बंडेप्पा होता. तो खाली उतरून शेजारी आला.

“बंडेप्पा, हा इरप्पा माणूस आहे का भूत? एवढ्या गावांत दिसतो?”

बंडेप्पा जरा जवळ सरकला. मग म्हणाला, “अण्णा, गावातलं मानूस परगावाहून आलं की बाणूअक्का उंबऱ्यात येऊन बसती. काय इचारत न्हाई. नुसती बगती. आता तिच्या म्होरनं हात हलवत कसं जावं? देवाला जाऊन आल्यावर परसाद देतात, तसं हाय ते. एकानं सांगितलं, मग दुसऱ्याला सांगावंच लागलं.”

“म्हणजे सगळं खोटं?”

“खोटं कामून? निरोपच हाय की. फकस्त त्यानं धाडला न्हाई.”

चावडीत माणसं जमली. तात्यारावांनी कायदा समजावून सांगितला. या खबरी खऱ्या असतील तर बाईला पेन्शन नाही. खऱ्या नसतील तर ज्याने त्याने तसं सांगून अंगठा द्यायचा. आपण सोपी गोष्ट सांगितली, असं त्यांना वाटलं. पण चावडीत कोणी हललं नाही. बाणूबाई भिंतीशी पदर सावरून बसली होती, आणि तिच्यासमोर एवढ्या वर्षांचा निरोप कोणी मोडायचा, हा प्रश्न होता. तात्यारावांच्या पत्रात हा प्रश्न नव्हता.

शेवटी बाणूबाईच बोलली.

“सांगा की. माना कामून खाली घातल्या? मला काय ठावं न्हाई व्हय?”

ती तुळजारामकडे वळली. “ह्यो तुळजाराम म्हनला, हैदराबादला बंगल्यावर राखन करायलेत, खाकी टोपी घालून. आमच्या घरधन्याला मेंढराचं कुत्रं भुंकलं तर मी हुबी ऱ्हायची म्होरं. त्ये राखन करतील?”

कोणीतरी हसलं. तुळजाराम म्हणाला, “टोपीचं मी उगंच लावलं, अक्का.”

“टोपी बरी हुती. अन ही अंबुबाई, सोलापूरला लेकीकडं जाऊन आली. म्हनली, लई जाड झालेत, वळखू येईनात. उपाशी गेलेलं मानूस जाड झालं म्हनल्यावर मला आठ दिस भाकर गोड लागली, बाई.”

अंबुबाईने पदर तोंडाला लावला. चावडीत आता कोणी हसत नव्हतं.

“लिवा, सायब,” बाणूबाई म्हणाली. “समदं खोटं लिवा. एक सोडून.”

“कोणतं एक?”

“बंडेप्पाचं. परळीचं.”

सगळे बंडेप्पाकडे बघू लागले. पहिली खबर त्याचीच होती, इरप्पा गेला त्याच्या दुसऱ्या वर्षीची.

“बंडेप्पा, खरं बोला,” तात्याराव म्हणाले. “दिसला होता का?”

“एक मानूस चहा पेत हुता. घोंगडी डाव्या खांद्यावर, गाठ मारून. आपल्यात समदे उजवीकडं घेतात. हाक मारावी म्हनलं, तेवढ्यात गाडी सुटली.” तो तात्यारावांकडे वळला. “ते मी परसाद म्हनून सांगितलं न्हाई, अण्णा. मी सांगितलं, अन मग बाकीच्यांनी सुरू केलं.”

“हाक मारायची तरी, भाड्या,” मागून कोणीतरी म्हणालं. बंडेप्पाने मागे वळून बघितलं नाही. बारा वर्षं तो स्वतःला हेच म्हणत असावा.

“ते खोडू नका,” बाणूबाई म्हणाली. “त्येच्यानं पेन्शन अडत असलं तर अडू द्या. मी सारवन करीन.”

तात्यारावांनी दहा जबाब लिहून घेतले. ‘मी सांगितलेली हकीकत ऐकीव व काल्पनिक होती,’ आणि खाली अंगठा. अंबुबाईने अंगठा दिल्यावर तो लुगड्याला बराच वेळ पुसला. परळीची खबर त्यांनी तशीच ठेवली, आणि परत येऊन बिदरला दुसरं पत्र लिहिलं. बारा वर्षांपूर्वी एकदा दिसल्याची खबर खरी धरली, आणि त्यानंतर काहीही नाही, तर?

“पुन्हा?” शिवशंकरप्पा म्हणाले. “एका बाईसाठी दोन अभिप्राय! तात्याराव, ते एक वाक्य काढून टाका, मी आत्ता सही करतो.”

“वाक्य बाईंचं आहे, साहेब. माझं असतं तर काढलं असतं.”

शिवशंकरप्पांनी चष्म्यावरून त्यांच्याकडे बघितलं, आणि सही पत्रावर केली.

समासात तात्यारावांनी पेन्सिल टेकवली. उत्तर त्यांना ठाऊक होतं, कायदा स्वच्छ होता. तरी या वेळी हात थांबला. आपला अभिप्राय चुकला तर कोणीतरी उपाशी निजेल, असं एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्या मनात आलं. खरं तर दहांत एकदा तो चुकला होता, तेव्हाही कोणीतरी उपाशी निजलं असेल. पण वकील व्हायच्या नादात हे लक्षात आलं नव्हतं. त्यांनी समास कोरा ठेवला.

पावसाळा उलटल्यावर एका ओळीचं उत्तर आलं. सात वर्षं निखळ गेली असल्यास त्याआधीच्या खबरीची बाधा नाही. म्हणजे कायद्याने बाणूबाईचा नवरा आता मेलेला होता, आणि परळीच्या स्टेशनावर चहा प्यायलेलाही होता. कायद्याला त्यात काही अडचण वाटली नाही. पेन्शन मंजूर झालं. पोस्टमन महिन्याच्या महिन्याला मनीऑर्डर घेऊन जाऊ लागला. कुंकू होतं तिथंच राहिलं.

वर्षाने हयातीच्या दाखल्यासाठी बाणूबाई कचेरीत आली. या वेळी एकटीच. अंगावर थोडं मांस आलं होतं.

“म्या जिती हाय हे सांगाया आले, अण्णा. बगून घ्या.”

तात्यारावांनी फॉर्म काढला. “पैसे येतात ना वेळेवर?”

“येतात की. दोन्ही वक्त खाते.” ती बाकावर टेकली. मग म्हणाली, “आता कोनी काय सांगत न्हाई.”

“कशाबद्दल?”

“अंगठे दिलेत न्हवं समद्यांनी. तुळजाराम सोलापूरला जाऊन आला. मी उंबऱ्यात बसले. ‘बरं हाय का अक्का’ म्हनला, अन खाली मान घालून गेला. अंबुबाई आली, ती तर मागच्या गल्लीनं जाती. खोटं हाय हे ठावं हुतं मला. पर त्येवढ्या टायमाला घरधन्याचं नाव तरी निघायचं दारात.” तिने पदराने कपाळ टिपलं, कुंकू सोडून. “आता निसती भाकर हाय.”

तात्यारावांनी पेनचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं. कलम त्यांना तोंडपाठ होतं. खबर आली की सात वर्षांची मोजणी मोडते, आणि खबर देणारा पेन्शनच्या टेबलावरचा कारकून असेल तर काय, याला पूर्वीचा दाखला नव्हता. हा प्रश्न बिदरला पाठवण्यासारखा होता. असा सुरेख प्रश्न त्यांच्या टेबलावर सत्तावीस वर्षांत आला नव्हता.

“गेल्या आठवड्यात मी बिदरला गेलो होतो,” ते म्हणाले. “कचेरीच्याच कामाला. स्टँडवर एक माणूस बघितला.”

बाणूबाईची मान वर झाली. “कसला?”

“उंच. उन्हात उभा होता.”

“घोंगडी?”

“होती. डाव्या खांद्यावर. गाठ मारलेली.”

“वाळलेत का?”

तात्यारावांनी जरा विचार केला. “नाही. जाडच म्हणायचे.”

बाणूबाई त्यांच्याकडे बघत राहिली. तिला सगळं ठाऊक होतं, आणि तिला ठाऊक आहे हे तात्यारावांनाही ठाऊक होतं. तिच्या तोंडावर हसू आलं आणि तिथंच थांबलं.

“तुमी हाक मारली न्हाई?”

“मारणार होतो. तेवढ्यात बस सुटली.”

“सुटतीच ती,” बाणूबाई म्हणाली. ती गुडघ्यांवर हात टेकून उठली. दारापर्यंत गेली, आणि वळून हळूच म्हणाली, “अण्णा, हे कागदावर लिवू नका हं.”

“छे,” तात्याराव म्हणाले.

ती गेल्यावर त्यांनी फॉर्म पुढे ओढला. ‘लाभधारक हयात आहे काय?’ या रकान्यात त्यांनी ‘होय’ लिहिलं आणि खाली सही केली. नवऱ्याबद्दल त्या कागदावर रकानाच नव्हता.