मुक्ताबेनच्या डब्याचं झाकण

छोट्या रणाच्या खाऱ्या वाळवंटात, मिठागरांवर शाळा म्हणजे दोन तंबू, एकमेकांपासून लांब, आणि दोन्हींत शिकवायला एकट्या मुक्ताबेन. निवृत्तीला आल्या तरी खडू म्हणजे त्यांचा जीव की प्राण. फोनवर धडा बोलून पाठवायला त्यांना पोरींनीच शिकवलं. "बेन, बोट दाबून धरा, चापट्या मारू नका," म्हणत चकू हसून हसून लोळायची, आणि बेन मुकाट शिकायच्या. मग पलीकडच्या तंबूत असल्या, की इकडच्या मुलांना त्या फोनवर धडा पाठवू लागल्या.

पण कंकूच्या घरी फोन नव्हता. तिची यंदा सातवी. मागे पडली तर बाप तिच्या हाती मीठ ओढायचं दंताळं देणार, हे ठरलेलं. फोनवाल्यांनीच पुढं जायचं, हे बेनना सहन होईना. त्यांनी धडे बंद केले आणि आपण न्याय केला असं समजून निवांत झोपल्या.

दोनच दिवसांत कंकू फणफणत तंबूत आली.

"बेन, धडे का बंद केले? चकूच्या आगराकडं बघून बघून डोळे दुखले माझे."

"अगं, तुझ्याकडं फोन कुठाय?"

"चकूकडं आहे ना. धडा आला की ती आरसा चमकवते, मग आम्ही सगळी पळत जातो. तुम्हाला काय वाटलं, ती एकटीच ऐकते? एकटीला तिला काय कळणार, कपाळ!"

पाण्याच्या टँकरला आरशानं बोलावणारी माणसं बेन रोज बघत होत्या, तरी हे डोक्यात आलं नव्हतं. स्वतःचा राग आलाच, पण त्याहून पोरांचे उपकार मोठे वाटले.

दुसऱ्या दिवशी पलीकडच्या तंबूतून त्यांनी धडा पाठवला आणि दाराशी उभ्या राहिल्या. पांढऱ्या रणात दूर एक झळक उठली. तिला इकडून तिकडून उत्तरं आली. सगळ्यात लांबची, कंकूची, शेवटी चमकली. बेनना राहवेना. डब्याचं झाकण पदरानं पुसून त्यांनी उन्हात धरलं, ते हात दुखेपर्यंत.

जरा वेळानं धुरळा उडवत टँकर येऊन थांबला.

"पाणी संपलं का, बेन?" ड्रायव्हर वशरामनं विचारलं.

"नाही रे बाबा. पोरांचे आभार मानत होते."

"मग एवढा वेळ धरायचं नसतं. लांबलचक चमकलं म्हणजे पाणी," वशराम हसत म्हणाला. "कंकूकडून शिकून घ्या. आरसा चमकवण्यात तिचा हात कुणी धरणार नाही."

बेननी आलेल्या टँकरमधून माठ भरून घेतला. उद्याचा पहिला तास कंकूनं घ्यायचा आणि आपण पुढच्या रांगेत बसायचं, हे त्यांनी तिथंच ठरवून टाकलं.