ब्रुनोची शेपूट आणि माझं तोंड

विचारलंत ना, भिंतीवरच्या त्या फोटोत आमचे हे आहेत, कुत्रा आहे, कप आहे, मग मी कुठं आहे? विचारलंतच, तर आता ऐका. सगळ्या चिंचणी गावाला हा किस्सा पाठ आहे, पण माझ्याच तोंडून माझी फजिती ऐकायची मजा वेगळी.

आधी चहा घ्या. कप मात्र टेबलाच्या मधोमध ठेवा हं. काठावर ठेवलेला कप आमच्या घरात टिकत नाही. टेबलाखाली झोपलाय ना, तोच ब्रुनो. घाबरू नका, चावत नाही. पुढून अगदी गरीब आहे बिचारा. धोका सगळा मागच्या बाजूला!

ब्रुनो डॉबरमन आहे. अस्सल! इकडच्या कॉलनीतल्या एका साहेबांची बदली झाली, तेव्हा जाताना त्यांनी हे पिल्लू आमच्या ह्यांच्या हातात ठेवलं. डॉबरमनची शेपूट लहानपणीच कापतात, पण साहेबांच्या बायकोनं ती कापू दिली नव्हती. त्यामुळे आमच्याकडे आला तो अख्खाच्या अख्खा. आणि मोठा झाल्यावर शेपूट म्हणजे काय, नुसता चाबूक! दिवाळीतली रांगोळी पुसली, वाळत घातलेले पापड उडवले, आणि पूजेला आलेल्या भटजींच्या पुढ्यातलं पंचामृत त्यांच्याच मांडीवर ओतलं.

ह्यांचा मात्र जीव त्याच्यावर. आमची मोगऱ्याची आणि चिकूची वाडी आहे, मागच्या बाजूला गवत वाढतं, आणि संध्याकाळी रानडुकरं येतात. ब्रुनो गवतात शिरला की दिसतच नाही, फक्त शेपटीचं टोक वर दिसतं. त्या टोकाकडे बघत हे मागून चालतात. ह्यांना बोलायचा कंटाळा, त्यामुळे दोघांचं छान जमतं.

बोलायचं खातं माझ्याकडे. वाडीतली फुलं, चिकू, केळी घेऊन मी बोईसरच्या बाजारात बसते, सरावलीत घरोघरी देते. आता विकणाऱ्या बाईला थोडं वाढवून बोलावंच लागतं की नाही? चिकू गोड असला तर मी म्हणते मध आहे. मोगरा कालचा असला तरी म्हणते, आत्ता वेलीवर होता! आणि ब्रुनोची गंमत अशी, की माझा आवाज चढला की त्याला वाटतं, आई खुशीत आहे, आता काहीतरी खायला मिळणार. मी फुशारकी मारायला लागले की ह्याची शेपूट सुरू. जेवढी मोठी थाप, तेवढी शेपूट जोरात!

तर झालं काय, गावात कोणी त्याला डॉबरमन मानायलाच तयार नाही. शेजारच्या वाडीतली नलूताई तर येताजाता बोलायची.

"वैनी, ह्यो डाबरमन नाय हाय. डाबरमनला शेपूट नसतं. फसवलं तुमाला कोनी तरी."

"अगं, साहेबांच्या घरचा आहे! कागद आहेत त्याचे!"

"कागद काय शेपटाला बांधून फिरवनार?"

मी म्हटलं, "थांब! पालघरला कुत्र्यांचं प्रदर्शन आहे. तिथून कप आणून तुझ्या हातात नाही दिला तर नाव सांगणार नाही!" आणि एवढ्यावर थांबले असते तर मी कसली? त्याच आठवड्यात अख्ख्या बाजाराला सांगून झालं की कप येतोय म्हणून.

सरावलीत एका कारखान्याच्या गेटवर पांडेजी म्हणून रखवालदार आहेत. माझं केळ्यांचं नेहमीचं गिऱ्हाईक. गेटवरचे कुत्रे तेच सांभाळतात, म्हणजे ह्या विषयातले जाणकार! त्यांना मी ऐटीत सांगितलं, तर त्यांनी कपाळालाच हात लावला.

"भाभी, पूँछ के साथ? शो में? अंदर ही नहीं लेंगे!"

मग त्यांनी मला समजावलं. रखवालीच्या कुत्र्याला शेपूट म्हणजे अडचण. काट्यात अडकते, दारात सापडते, चोर धरून ओढतो. म्हणून कापायची. आणि शोमध्ये तर कापलेलीच लागते, तसा नियमच आहे. "मेरे पास ले आइए," म्हणाले, "दो मिनट का काम है।"

आता मला सांगा, शहाण्या माणसानं काय केलं असतं? प्रदर्शनवाल्यांना एक फोन करून विचारलं असतं. पण मी जन्मात कधी कोणाला काही विचारलंय का? मी सांगणारी बाई! घरी आले आणि ओट्यावरूनच जाहीर केलं, "अहो, ब्रुनोची शेपूट कापायची आहे."

हे गजऱ्याची फुलं निवडत बसले होते. उठले, ब्रुनोजवळ जाऊन जमिनीवर बसले आणि त्याची शेपूट मुठीत धरली. 

"शेपूट ऱ्हाईल," म्हणाले.

"अहो, पण मग कप?"

"कप हायत घरात. फुटलेले धरून बी पुरतील."

लग्नाला एवढी वर्षं झाली, पण ह्या माणसानं मला कधी कशाला नाही म्हटलं नव्हतं. मला राग आला. आणि खरं सांगू? बरंही वाटलं. त्या शेपटीवर कोणी पातं चालवलेलं मला तरी कुठं बघवलं असतं? पण नलूताईला काय तोंड दाखवू? कप नाही आला तर बाजारात बसायची सोय राहिली नसती!

मग मी डोकं चालवलं. कापायची नाही ना? मग लपवायची! ब्लाऊजची निळी मखमल उरली होती, तिचा ब्रुनोला कोट शिवला. शेपूट अलगद वळवून कुशीला लावायची, बांधायची आणि वरून कोट. कोणाला पत्ता लागणार? मी नाडी आणली, तर हे पुन्हा आडवे आले.

"नाडी नको गो. रुतंल त्याला. सोपट बांध."

सोपट म्हणजे केळीच्या खोडाची पट्टी. भिजवली की मऊ होते, फुलांच्या पुड्या आम्ही तिनंच बांधतो. रुतत नाही, हे अगदी खरं. पण उन्हात सुकली की कडक होते आणि तटकन तुटते, हेही तितकंच खरं. रोज सोपट हाताळणाऱ्या बाईला हे आठवायला नको? नाही आठवलं! मी कप कुठं ठेवायचा ह्या विचारात होते.

प्रदर्शनाच्या दिवशी टेम्पोतून आम्ही पालघरला निघालो. नलूताईसुद्धा पुढे बसली होती. "कप हातात द्यायचा हाय ना, मंग मी नको यायला?" वाटेत उमरोळी गाव येईपर्यंत हे मागे वळून वळून ब्रुनोकडे बघत होते. ब्रुनो कोटात नवरदेवासारखा ऐटीत उभा होता आणि आजूबाजूला हिवाळ्यातसुद्धा अशी उन्हं, की मीच घामानं भिजले होते.

मैदानावर काय एकेक कुत्रे! आत सोडण्याआधी एका टेबलाशी तपासणी होती. तिथं एक डॉक्टरबाई बसल्या होत्या, चष्मा, कडक चेहरा, समोर चहाचा ग्लास. 

"ह्याला कोट कशाला, मावशी?"

"थंडी वाजते हो त्याला."

त्यांनी वर सूर्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "बरं. शेपूट दिसत नाही?"

मला वाटलं, हीच ती परीक्षा! मी छाती पुढे काढली. "कापली!"

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. "कापली? कधी?"

"लहानपणीच. वेळच्या वेळी! आमच्याकडे सगळं नियमात असतं."

"भूल देऊन?"

त्यांचा चेहरा गंभीर होत चालला होता. मला वाटलं, छाप पडतेय! मी आवाज चढवला. "छे हो! भूल कसली? डॉबरमन आहे तो! हूं की चूं केलं नाही!"

"कोणत्या डॉक्टरांनी कापली?"

आता डॉक्टरचं नाव कुठून आणू? मागून ह्यांनी माझा पदर ओढला. पण एकदा सुटलेली मी कुठली थांबतेय?

"डॉक्टर कशाला? मी कापली! ह्या हातांनी! नारळ सोलायच्या कोयत्यानं, एका घावात!"

मैदानावरचे चार लोक वळून बघायला लागले. नलूताईचा आ वासला. डॉक्टरबाई उभ्याच राहिल्या. 

"मावशी, कापलेल्या शेपटीच्या कुत्र्याला आमच्या प्रदर्शनात प्रवेश नाही. कधीचाच बंद केलाय. आणि तुम्ही जे सांगताय तो गुन्हा आहे. मी तुमची तक्रार करणार आहे."

माझ्या पायाखालची जमीनच सरकली! प्रवेश नाही? कापलेली असली तर प्रवेश नाही? मग पांडेजी... अहो, पण आता फिरवू कसं? तोंडातून कोयता बाहेर पडला होता!

तेवढ्यात निळा कोट हलायला लागला. का नाही हलणार? आयुष्यातली सगळ्यात मोठी थाप मी सगळ्यात चढ्या आवाजात मारली होती! ब्रुनोला वाटलं असणार, आज तर मेजवानी आहे. कोट एका बाजूनं फुगला, दुसऱ्या बाजूला सरकला, आत कुठंतरी तटकन आवाज झाला, आणि सप्प्! अख्खी शेपूट बाहेर. पहिल्याच फटक्यात डॉक्टरबाईंचा चहा टेबलावर सांडला.

ब्रुनो आनंदात शेपूट हलवतोय.

डॉक्टरबाईंनी चष्मा पुसला. "मावशी, ही कोणाची?"

आणि माझ्या तोंडून काय निघावं? म्हटलं, "परत उगवली असेल. चिंचणीची माती आहे हो, काहीही उगवतं!"

अख्खं मैदान हसलं. डॉक्टरबाई आधी ओठ दाबून बसल्या, मग त्यांनाही आवरेना. त्यांनी कोट काढला, शेपूट बुडापासून टोकापर्यंत हात फिरवून बघितली. ब्रुनोनं त्यांचं कोपर चाटलं.

तेव्हा आमचे हे पुढे झाले. "बाई, ती मनाचंच बोलत होती. कापाया आमी दिलीच नाय. वाडीत त्याच्या शेपटावरूनच मला कळतं तो खुश हाय की घाबरलाय."

"बरोबर आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "शेपटीनंच तर तो बोलतो. ती कापायची म्हणजे त्याचं तोंडच बंद करायचं की हो." मग माझ्याकडे वळल्या. "कुत्रा पात्र आहे. मालकीणबाई अपात्र! रिंगणात ह्यांना पाठवा."

आणि मी दोरीच्या बाहेर उभी राहिले, हातात रिकामा निळा कोट घेऊन. आत हे, वाडीतल्याच चपला, खाली मान. पण ब्रुनो! मान ताठ, पाय डौलात आणि मागे ती लांब काळी शेपूट मोकळी. डॉक्टरबाई माईकवरून सांगत होत्या, बघा, अख्ख्या शेपटीचा डॉबरमन असा दिसतो. अस्सल आहे! मी नलूताईकडे बघितलं, ती डोळे पुसत होती. हसून हसून की काय ते विचारलं नाही. माझे मात्र खरंच भरून आले होते. ह्याच शेपटीसाठी मी "दोन मिनिटांचं काम" घरी घेऊन आले होते ना!

एक मात्र चांगलं झालं. कप दाखवायला मी सरावलीला गेले, तर पांडेजींनी मोबाईलवरचा फोटो मोठा करून करून शेपूट बघितली. आता त्यांच्या गेटवर एक नवं पिल्लू आलंय. केळी द्यायला गेले की ते लांबलचक शेपूट हलवत आधी माझ्या टोपलीत तोंड घालतं. पांडेजी म्हणतात, "रहने दी, भाभी। अच्छी लगती है।" मला तर त्या गेटवरून निघवतच नाही.

काय म्हणालात? कितवा नंबर आला? अहो, विचारायचं का ते! पहिला! सगळ्या कुत्र्यांत पहिला!

हा टेबलाखालून कसला धपधप आवाज येतोय? झोप रे ब्रुनो.

बरं बरं, दुसरा. दुसरा काय कमी आहे का, एवढ्या मोठ्या मैदानात?

गप रे! कप पडतील! ... बरं बाबा, तिसरा. झालं समाधान? तिसरा!

आता डॉबरमन एकूण किती होते, हे कशाला विचारायचं? आणि विचारलं तर माझ्याकडे बघा ना. सगळे वाकून टेबलाखाली काय बघताय?

तीन होते.