डावा पीळ

सत्तावीस वर्षं भट्टीपुढे उभं राहून काच फुंकली काकांनी, आणि सही मात्र साहेबांची. बरं, साहेब करायचे काय? कागदावर रेघोट्या ओढायचे, प्रदर्शनात मिरवायचे आणि काच थंड झाली की तळाशी सुईने आपलं नाव कोरायचे. झालं यांचं काचकाम! काका मूग गिळून राहिले, कारण काकूही त्याच शेडमध्ये साणेवर बसून फुलदाण्यांचे तळ घासत होत्या. दोघांचं पोट एकाच दारात, मग तोंड उघडणार कसं?

काका डावखुरे. पण साहेबांच्या फुलदाणीवरच्या रंगीत रेघा उजवीकडेच पिळलेल्या हव्यात, तीच म्हणे त्यांची खूण. म्हणून काका जन्मभर आपल्या हाताच्या उलट पीळ देत आले. एकदाच चुकले. काकू शेवटच्या दुखण्यात हट्टाने कामावर आल्या होत्या, काकांचं निम्मं लक्ष त्यांच्याकडे, आणि हात आपल्या वळणावर गेला. रेघा डावीकडे वळल्या. फुलदाणी अशी काही उतरली की काकू बघतच राहिल्या. तिचा तळ त्यांनी दोन दिवस घासला आणि त्यानंतर त्या साणेवर बसल्याच नाहीत. साहेबांनी धड न बघता सही ठोकली, फुलदाणी विकली गेली.

आठ वर्षांनी ती परत आली, एका संग्राहक बाईंच्या हातात. त्यांनी ती नुकतीच कुणाकडून तरी घेतली होती. त्यांच्या घरी साहेबांच्या आणखी तीस होत्या. बाई काच उजेडात धरायच्या, तळावरून अंगठा फिरवायच्या, त्यांना त्यातलं खरंच कळत होतं. म्हणूनच डावा पीळ बघून त्यांना शंका आली होती. ही नक्कल तर नाही?

साहेबांनी फुलदाणी फिरवून पाहिली. खरी म्हणावी तर पीळ कुणाच्या हाताचा ते सांगावं लागणार. त्यापेक्षा हात झटकलेले बरे! नक्कल आहे, म्हणाले. आणि नक्कल सापडली की गिऱ्हाइकासमोर फोडायची, हा तिथला शिरस्ता. त्यांनी काकांना हातोडी घ्यायला सांगितलं.

काकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या माणसाने उभ्या जन्मात एक पेला फुंकला नाही, तो हिच्या हातचं शेवटचं काम नकली ठरवतो? आणि फोडायचं ते मी? निर्लज्जपणाला काही सुमार!

त्यांनी हातोडी घेतली नाही. भट्टीच्या तोंडाशी तापत ठेवलेली फुंकणी उचलली आणि साहेबांपुढे आडवी धरली.

"फोडतो. आधी तुम्ही एक खरी करून दाखवा."

साहेब हसले. बाई हसल्या नाहीत. त्या वाट बघत राहिल्या, तेव्हा साहेबांना हात पुढे करावाच लागला. तो त्यांनी नेमका तापलेल्या टोकाकडे नेला. काकांनी फुंकणी झटकन मागे ओढली, नाहीतर तळवा भाजून निघाला असता.

बाईंनी सगळं पाहिलं. फुलदाणी टेबलावरून उचलून छातीशी धरली.

"माझ्या घरच्या तीसही तुमच्याच का?" त्यांनी काकांना विचारलं.

"फुंकलेल्या माझ्या," काका म्हणाले. "तुम्ही अंगठा फिरवता ना, ते तळ माझ्या बायकोचे."