भट्टीतली वांगी

हे मी घरात सांगितलं नाही, बाहेर नाही, नवऱ्याच्या फोटोसमोरसुद्धा नाही. आता तुम्हाला सांगते — तुम्ही माझे कोण लागता? कोणीच नाही. म्हणूनच.

मी चौथी शिकलेली. भिलाईत एका छोट्या कारखान्यात माझं काम सोपं होतं — दर अर्ध्या तासाला भट्टीचा मीटर बघायचा आणि आकडा कागदावर लिहायचा. लोखंडाचे ओतीव जॉब, म्हणजे साच्यात ओतलेले सुटे भाग, रात्रभर लाल करायचे, सकाळी भट्टी बंद करायची आणि दार न उघडता दिवसभर निवू द्यायची. घाईने निवलं की लोखंड तडकतं.

नवीन इंजिनिअर आला. माझे आकडे घेऊन ग्राफ काढायचा. मला समजवायचा — वस्तू बाहेरच्या हवेपेक्षा जितकी जास्त गरम, तितकी भराभर निवते. मग हळू, मग आणखी हळू. मी हसले. रोज दूध निववून विरजण लावणाऱ्या बाईला हे काय शिकवतो?

पण त्याच्या ग्राफला दुपारी एक पायरी पडायची. रोज, जेवणाच्या सुट्टीत. आकडा एकदम खाली.

आकडा मी कधी खोटा लिहिला नाही. तेवढी मी प्रामाणिक! फक्त — कसं सांगू — थंडीचे दिवस होते, बाजारात वांगी काय सुंदर आली होती! सगळे बाहेर उन्हात जेवायला बसले की मी दार हातभर उघडायची, चार वांगी सळईला टोचून आत धरायची. पाव तासात साल काळी, आत लोणी. तसं भरीत मी पुन्हा खाल्लं नाही.

सगळ्यांनी खाल्लं. परसराम मिस्त्रीने तर बोटं चाटली. "वा वो शांताबाई, भरीत करावं तं तुमीच! कुठी भाजता?" मी म्हटलं, चुलीवर.

भट्टीच्या आतल्या विटा याच परसरामने लावलेल्या. दुर्गपासून इथवर त्याच्या हाताचं नाव होतं.

मग जॉब तडकले. एक नाही, सगळी खेप. इंजिनिअरने विचारलं, "अम्मा, दरवाजा खोला था किसी ने?"

"कौन खोलेगा, साहब?"

झालं. साहेबाने ठरवलं — अमुक तापमानाला दाराजवळच्या विटांचे सांधे उघडतात, उष्णता निसटते. दोष मिस्त्रीचा. विटा उखडल्या, दुसरा मिस्त्री आणला, परसरामला सांगितलं, येऊ नको. आणि मी? घाबरून वांगी बंद केली. मग पायरी गेलीच की! नव्या मिस्त्रीची वाहवा झाली. परसरामला पुन्हा कोणी भट्टीला हात लावू दिला नाही. नेहरू नगरात कंपाउंडच्या भिंती बांधत म्हातारा झाला.

मागच्या महिन्यात मोहन नगरच्या एका लग्नात भेटला. दात नाहीत, हसणं तेच. पंगतीत शेजारी बसला आणि म्हणाला, "शांताबाई, त्या भट्टीत माहं काय चुकलं, अजून समजून नाही राहिलं मले. सांधे तं मी नखानं तपासले होते."

जिभेवर आलं होतं. खरंच आलं होतं.

"जुनं कावून उकरता भाऊ," मी म्हटलं, "बुंदी घ्या." आणि वाढप्याला त्याच्या पानात वाढायला लावली.