रत्नाक्कानं सोडलेला चहा

दुहेरी फडक्यातून गाळल्याशिवाय रत्नाक्का घागरीत पाणी घेत नसे. गाळून झालं की त्या फडक्यावरून थोडं पाणी सोडायची आणि ते विहिरीत परत ओतायची, अडकलेले जीव आपल्या घरी जावेत म्हणून. मी नवीन होतो. म्हटलं, "आक्का, यात तर काहीच दिसत नाही." ती म्हणाली, "दिसत न्हाय म्हणून न्हायच म्हणायचं व्हय रं?"

मी जालन्याकडचा. आठवीतून शाळा सुटली आणि फिरत फिरत निपाणीला तंबाखूच्या वखारीत हमालीला लागलो. आक्काच्या घरामागं पत्र्याच्या खोल्यांची ओळ होती, त्यातली शेवटची, बिनखिडकीची माझी. दिवस बुडायच्या आत जेवणारी जैन बाई ती. मी येईपर्यंत तिची चूल गार झालेली असे. तरी माझ्या दारात झाकलेलं ताट असायचंच. तिचा एकच शौक, गुळाचा चहा. "कांदा सोडलीस, बटाटा सोडलीस, च्या कवा सोडणार गं रत्ना?" असं स्वतःलाच विचारून हसायची आणि पुन्हा आधण ठेवायची.

वखारीत सगळेच खोकतात. धूळ छातीत बसते. गुळाचा खडा तोंडात टाकायचा आणि पोतं उचलायचं. त्यामुळं माझा खोकला वेगळा आहे हे कुणाच्या लक्षात आलं नाही, माझ्याही नाही. रोज संध्याकाळी ताप चढायला लागला तेव्हा आक्कानं सरकारी दवाखान्यात पिटाळलं. टीबी निघाला. गोळ्या मिळाल्या. गोळ्या द्यायला येणाऱ्या आशाताई म्हणाल्या, "शेजारच्यांचीपण तपासणी करायला पायजे."

तिथं माझं धाबं दणाणलं. नाव फुटलं तर मुकादम काम बंद करणार, शेजारी खोली सोडायला लावणार. "जरा थांबा, मीच सांगतो," असं आशाताईंना म्हणालो आणि दार लावून पडलो. कान तुटलेला एक कप वेगळा काढला. भिंतीपलीकडं शेवंताचं तान्हं पोर होतं. ते रडलं की मी खोकला आवरायला स्वतःच्या तोंडावर उशी दाबायचो. बाहेर पडायची भीती, आत राहायची त्याहून जास्त.

आक्का दाराशी येऊन बसली. मी आतूनच म्हणालो, "तुम्हीच सांगा सगळ्यांना, माझं नाव न घेता."

"पाच खोल्यांत कुणाचं हे काय कळायचं ऱ्हातंय? नाव तुझं हाय. ते मी वाटत फिरणार न्हाय."

"मग कुणीच सांगायला नको."

"मी गप्पच हाय की. पर ही भिंत पत्र्यापतूर गेल्याली न्हाय, बघ वर."

मी वर पाहिलं. भिंत आणि पत्रा यांच्यात हातभर मोकळी जागा होती.

"आमच्यात नेम कुणी कुणावर लादत न्हाय," ती म्हणाली. "आपला आपुन घ्यायचा. पर घ्यायचा चार माणसांत, म्हंजे मोडाय लागला तर चौघं धरत्यात. तू बरा होस्तवर मी च्या सोडला."

"तुम्ही कशाला?"

"माझी मर्जी. तू कुठं माझं ऐकतोस?"

मला राग आला. दार उघडं ठेवून कोंडल्यासारखंच होतं ते. नंतर रोज तिला पाहायचो, चहावाचून ठणकणाऱ्या कपाळाला फडकं आवळून दुसऱ्यांसाठी चहा गाळताना. एका सकाळी सगळे विहिरीवर असताना मी बाहेर आलो आणि सांगून टाकलं.

शेवंतानं पोराला छातीशी ओढलं. तिचा नवरा म्हणाला, "खोली सोड, आजच्या आज."

"खोली माझी हाय," आक्का म्हणाली. "सांगितलं म्हणून ह्याला हाकललास, तर उद्या खोकणारा तुला सांगंल व्हय रं?"

सगळे तपासायला गेले. शेवंताची सासू तेवढी अडून बसली, "वखारीचा खोकला हाय माझा." आक्कानं तिला ओढून नेलं नाही. रोज सकाळी विचारायची, "आज येतीस?" आणि नाही म्हटलं की तिच्याजवळ बसून शेंगा सोलायची. शेवटी म्हातारी आपणहून चपला घालून उभी राहिली. तिलाही निघाला. नातवाला डॉक्टरांनी वेळेत औषध सुरू केलं.

माझं काम मुकादमानं बंद केलंच. बरा झाल्यावर पुन्हा घेतलं. मधल्या काळात आक्काचं ताट चुकलं नाही. 'आता टीबी नाही' असं दवाखान्यातून ऐकून मी धावत आलो, तेव्हा चहाचं सामान तिनं आधीच काढून ठेवलं होतं. पण तिनं आभाळाकडं पाहिलं. "दिवस बुडाला. उद्या." दुसऱ्या दिवशी तिनं पहिला चहा ओतला तो माझ्या कानतुटक्या कपात, आणि स्वतःच प्यायली.

आक्का आता नाही. खोली तीच आहे, भिंतही तेवढीच. पलीकडं गडहिंग्लजकडचा एक नवा माणूस राहायला आलाय. त्याचा खोकला भिंतीवरून इकडं येतो. काल त्याच्या दाराशी जाऊन बसलो. दवाखान्याचं नाव काढताच म्हणाला, "वखारीचा हाय ओ. च्या घेणार?"

"नको. सोडलाय."

"कवापासनं?"

"आजपासनं," मी म्हणालो.