टर्बोची दोन मिनिटं

दुष्काळात तलावात पाणी साचलं नाही, पण आमच्या सहकारी साखर कारखान्याच्या गाडीखान्यात किस्से साचत गेले. ऊसच नाही, गाळप बंद. ड्रायव्हर लोकांनी दुसरं करायचं काय!

चेअरमनची टर्बोवाली जीप माझ्याकडे होती. गाडीखान्याच्या रहीम मिस्त्रींनी पहिल्याच दिवशी बजावलं, "घोडा दौडवून आणला की लगेच बांधतो का बे? आधी फिरवतो. तसं इंजिन दोन मिनिटं नुसतं चालू ठेव. टर्बो म्हंजे इंजिनात हवा कोंबणारा पंखा, आतून लालबुंद असतोय. लगेच बंद केलं तर ऑइल तिथंच जळतंय."

मी ते पाळलं. घरी आलो की दारात जीप दोन मिनिटं घुरघुरायची. तेवढ्यात सरू, माझी बायको, चहा टाकायची. मी इंजिन बंद करायचो, ती चहा गाळायची. मिस्त्री म्हणायचे, "तुझा टर्बो ऑइलवर न्हाई, वहिनींच्या चहावर चालतो!"

आमच्यातला आष्टीचा भगवान मात्र लई घाईचा. ढाबा दिसला, की गाडी थांबायच्या आधी किल्ली हातात! वर्षभरात त्याची गाडी निळा धूर सोडायला लागली. मिस्त्रींनी टर्बो खोलला, तर आत तेलाचा कोळसा. चिमूटभर भगवानच्या तळहातावर ठेवून म्हणाले, "घे, दात घास!"

एकदा घाटनांदूरकडं चारा छावणीवर गेलतो. चारा आला नव्हता, लोक तापलेले. चेअरमन उतरले. मी सवयीनं इंजिन चालू ठेवलं.

"पळायचा बेत हाय काय, आण्णा?" गर्दीतून कुणीतरी चेअरमनना विचारलं.

"बंद कर ते!" चेअरमन माझ्यावर ओरडले.

"दोन मिनिटं, साहेब. टर्बो..."

दोन मिनिटांनी बंद केलं, तर एका धनगर आजोबांनी किल्ली काढून कनवटीला लावली. "आता तुमीबी जरा थंड व्हा," चेअरमनना म्हणाले. चाऱ्याचा ट्रक आला तेव्हाच किल्ली मिळाली!

कारखाना पुन्हा काही चालला नाही. जीप लिलावात गेली, टर्बो शाबूत होता. पुढं मिस्त्री वारले. मग सरूही गेली.

परवा मुलानं नवी गाडी घेतली, तीही टर्बोची. गेवराईहून मला घरी घेऊन आला. दारात थांबताच त्याचा हात बटनाकडे गेला.

"राहू दे दोन मिनिटं."

"बाबा, गावातून हळूच आलोय की. गरज न्हाई."

मी दाराकडं बघितलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि हात मागे घेतला.

इंजिन घुरघुरत राहिलं. दाराला कुलूप होतं. आम्ही दोघं तिकडंच बघत बसलो.

मग मी म्हणालो, "कर आता बंद. चहा झाला असंल."