टाकी भरली की गाडी बंद

आमच्या घरात गाडी दुरुस्त करणारी पहिली मीच, आणि ही गोष्ट मी संधी मिळेल तिथे सांगते. सांगताना नम्रपणा वगैरे आणत नाही. लोक पोराला मार्क पडले की पेढे वाटतात, मी तर नुसतं बोलते.

गाडी बाबांची. जुनी, किकवाली, कार्बोरेटरची मोटारसायकल. टाकीचा काळा रंग दोन्ही बाजूंनी गुडघे घासून उडालेला. बाबा भिवंडीतल्या एका सायझिंगमध्ये मुकादम होते. सूत लूमवर चढायच्या आधी त्याला खळ लावतात, ते सायझिंग. काल्हेरहून रोज सकाळच्या शिफ्टला ते याच गाडीवर जायचे. ते निवृत्त झाले आणि आमच्या पट्ट्यात भातशेतीच्या जागी गोदामं उभी राहायला लागली. आमचीही जमीन गेली. माझ्या मोठ्या भावाने, म्हणजे दादाने, चारचाकी घेतली. तिच्या शेजारी उभी असलेली बाबांची गाडी मग त्याच्या डोळ्यांत सलायला लागली.

मी तेव्हा भिवंडीतल्या एका शाळेत प्रयोगशाळा सहायक होते. बाबांची गाडी मीच चालवायचे. सलवार-कमीज, पाठीला दप्तर, ओढणी कमरेला घट्ट बांधलेली. गाव बघायचं, मी बघू द्यायचे. पण गाडीने माझी अब्रू ठेवली नाही. सकाळी पंधरा-वीस किका मारल्याशिवाय सुरू व्हायची नाही, आणि सुरू झाली तरी रस्त्यात कुठेही मान टाकायची. मग मी घामाघूम होऊन किक मारतेय आणि समोरच्या टपरीवरचे चार रिकामटेकडे फुकटचा सल्ला देतायत, हे ठरलेलं.

भिवंडीतल्या मिस्त्रीने तीनदा कार्बोरेटर उघडून साफ केला. चौथ्या वेळी हात पुसत म्हणाला, "मॅडम, गाड़ी बूढ़ी हो गई है। बेच डालो।" बाबांचं म्हणणं वेगळंच होतं. पेट्रोलमध्येच भेसळ आहे. कारण टाकी भरली की दहा मिनिटांत गाडी बंद पडायची. त्यांनी पंप बदलला, मग पुन्हा बदलला. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा सगळा कारभार.

एका संध्याकाळी दादा जेवताना म्हणाला, "मंगळवारी भंगारवाला येतोय. बाबा, आता पुरे झालं तिचं."

शंभर माणसांवर आवाज चढवणारे बाबा मान खाली घालून भात कालवत राहिले. मला ते बघवेना. त्या गाडीवर त्यांनी आख्खं घर ओढलं होतं, माझी कॉलेजची वर्षंसुद्धा.

"नीट करून दाखवली तर?" मी म्हटलं.

दादा हसला. "तू? बरं. रविवारी वज्रेश्वरीला जाऊन परत ये. एकदाही बंद पडली न्हाय तर राहील ती. पडली तर मंगळवारी जाईल."

माझा स्वभाव असा आहे की मला कोणी "तू?" म्हटलं की माझ्या अंगात येतं.

प्रयोगशाळेत मी मुलांना एकच गोष्ट घोकून घोकून सांगायचे. एका वेळी एकच बदल करा आणि लिहून ठेवा. तेच मी गाडीला लावलं. आधी सकाळचं दुखणं धरलं. एअर फिल्टर काढला तर आत कापसाची गादी. सायझिंगच्या आवारात इतकी वर्षं उभी राहून गाडीने तिथली सगळी रुई पोटात घेतली होती. हवा कमी, पेट्रोल जास्त, त्यामुळे प्लग काजळून काळाठिक्कर. फिल्टर नवा घातला, प्लग घासून बसवला. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या किकला गाडी सुरू झाली. मी अंगणातच ओरडले. दादा म्हणाला, "सुरू तर झाली. आता चालू दे."

आणि ती चालेना. शनिवारी शाळेतून निघाले, पंपावर टाकी काठोकाठ भरली, आणि अंजूर फाट्याच्या जवळ गाडी दोन आचके देऊन थांबली.

इथे एक सांगायला हवं. आमच्याकडे गाडी बंद पडली की आधी टाकीचं झाकण उघडायचं, गाडी हलवायची, पेट्रोलचा आवाज ऐकायचा. बाबा तसं करायचे, मीही करायचे. मग झाकण लावून किक मारली की थोड्या वेळाने गाडी सुरू व्हायची आणि आम्ही म्हणायचो, थंड झाली म्हणून चालू झाली. त्या दिवशी पेट्रोल आत्ताच भरलेलं होतं. झाकण कशाला उघडायचं? मी नुसत्याच किका मारल्या. वीस, तीस. पिंडरीत गोळा आला. गाडी ढिम्म.

मी खाली बसले आणि कार्बोरेटरच्या तळाचा स्क्रू सैल केला. तिथून पेट्रोल ठिबकायला हवं होतं. कार्बोरेटरची वाटी कोरडी. वर टाकी तुडुंब आणि खाली थेंब नाही. मग नळी काढली. दोन-तीन थेंब पडले आणि थांबले. टाकीचा कॉक तर उघडाच होता.

मी त्या नळीकडे बघत राहिले आणि एकदम हसायला लागले. रोज सकाळी मी मुलांना पिपेट कसा धरायचा ते शिकवत होते. नळीच्या वरच्या तोंडावर बोट दाबलं की आतलं पाणी खाली पडत नाही. बोट उचललं की पडतं. आमच्या टाकीच्या तोंडावरही कुणीतरी बोट दाबून ठेवलं होतं. मी चावी घालून झाकण उघडलं. फुस्स करून हवा आत गेली आणि खाली नळीतून पेट्रोलची धार माझ्या चपलेवर पडली. टाकी भरली की आत हवेला जागा कमी राहते, म्हणून तेव्हाच गाडी लवकर मरायची. पेट्रोल बिचारं शुद्ध होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा! तो मिस्त्री, ते पंप, आणि रोज ते झाकण हातात धरणारी मी.

झाकणाच्या मधोमध हवेसाठी बारीक भोक असतं. ते मी शोधलं तर तिथे लाल, चिवट थर. नखाने खरवडला आणि माझं हसू थांबलं. ते कुंकू होतं.

बाबा रोज घराबाहेर पडताना तेलात कालवलेलं कुंकू अंगठ्याने गाडीला लावायचे. हेडलाइटला नाही, हँडलला नाही. टाकीच्या झाकणावर, कारण ते म्हणायचे, तेच तिचं कपाळ. दसऱ्याला तर चांगलं जाड. त्या तेलावर सायझिंगची रुई बसायची, त्यावर दुसऱ्या दिवसाचं कुंकू. निवृत्त झाल्यावरही सकाळी उठून ते तेवढं काम करायचे.

घरी येऊन झाकण त्यांच्यासमोर ठेवलं. "बाबा, चिडू नको. गाडी तुझ्या कुंकवाने बंद पडते."

"काय बोलतंस? बावीस वर्सं लावतो मी."

मी पाण्याचा पेला आणि सरबताची नळी आणली. नळी पाण्यात बुडवली, वर त्यांचं बोट ठेवायला लावलं आणि नळी बाहेर उचलली. पाणी अडून राहिलं. "आता बोट काढ." पाणी सांडलं. त्यांनी तेच चार वेळा करून बघितलं. मग पेला बाजूला ठेवला.

"म्हंजे मीच तिचा गला दाबत व्हतो."

त्यांचा चेहरा बघून मला वाटलं, गाडी भंगारात गेली असती तरी परवडलं असतं. "न्हाय रे बाबा," मी म्हटलं, "टिळा चांगलाच हाय. जागा चुकली." ते उठले, आईच्या शिवणाच्या डब्यातून सुई घेऊन आले आणि ते भोक स्वतः साफ करत बसले. मला हात लावू दिला नाही.

रविवारी मी मुद्दाम टाकी काठोकाठ भरली. बाबा म्हणाले अर्धीच भर, मी ऐकलं नाही. पुढे मी, मागे बाबा, आणि आमच्या मागे चारचाकीत दादा, साक्षीदार म्हणून. बाबा माझ्या मागे कधीच बसले नव्हते. प्रत्येक चढाला त्यांची बोटं माझ्या खांद्यात रुतायची. दहा मिनिटं झाली, वीस झाली. अंबाडी गेली. त्यानंतर कधीतरी त्यांनी माझ्या खांद्यावरचा हात काढून घेतला आणि ते मागे भातखाचरं बघत बसले. वज्रेश्वरीला दर्शन घेऊन गाडीपाशी आलो तर पहिल्या किकला गाडी सुरू. परतीच्या वाटेवर मी दादाला दोनदा मागे टाकलं. गरज नव्हती, पण टाकलं.

घरी पोचल्यावर दादा गाडीतून उतरला, जुन्या गाडीभोवती एक फेरी मारली आणि तिथेच उभं राहून भंगारवाल्याला फोन लावला. "नको येऊ," एवढंच म्हणाला. मला शाबासकी दिली नाही. मला ती त्याच्याकडून नकोही होती.

पुढच्या आठवड्यात मी दुपारची जेवत होते. अंगणात कुणीतरी बंद पडलेली गाडी ढकलत आणल्याचा आवाज आला. खारबावचा एक माणूस, बाबांच्या सायझिंगमधला जुना सोबती.

"इथंच लाव सावलीत," बाबा त्याला सांगत होते. "आमचा मिस्त्री जेवतोय. येईल आता."

मी हात धुऊन बाहेर आले. तो माणूस माझ्या डोक्यावरून मागे दाराकडे बघत मिस्त्रीची वाट बघत होता. बाबा फक्त माझ्याकडे बघत होते.